पहिल्या शनिवारची भाकर

घोळ घातला तो विश्वासने, आणि तोही अगदी चांगल्या मनाने. पप्पा गेल्यानंतर ठेवलेल्या उपकारस्तुतीच्या सभेला बॅप्टिस्ट संघाचे अध्यक्ष यावेत, नगरसेवक यावेत, पेठ-सुरगाण्याकडची, मंडळीच्या वसतिगृहात वाढलेली जुनी मुलं यावीत, म्हणून त्याने फोन करकरून सगळ्यांच्या सोयीचा एक रविवार काढला. पत्रिका छापल्या, जेलरोडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. पत्रिका घरोघरी पोचल्यावर त्याच्या बायकोच्या, ग्रेसच्या, लक्षात आलं की हा तर महिन्याचा पहिला रविवार. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटतात, हे मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मंडळीचा सेक्रेटरी असून विश्वासला तेवढं सुचलं नाही. बाप गेल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, असं म्हणून ग्रेसने त्याला त्या दिवसापुरतं सोडून दिलं.

एरवी यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. बिघडत होतं ते करुणामुळे. पप्पांची, म्हणजे मंडळीचे पाळक रेव्हरंड शांतवन पाटोळे यांची, ही एकुलती एक मुलगी, विश्वासची बहीण, लग्न झाल्यापासून मंडळीच्या शिस्तीखाली होती. नामपूरच्या किशोर आहेरशी तिने लग्न केलं, तेही मांडवात, अक्षता आणि मंगलाष्टकांसकट. मंडळीचा नियम सगळ्यांना सारखा. असं लग्न केलेल्याने प्रभुभोजन घ्यायचं नाही. परत यायचं असेल तर सगळ्यांसमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं. मग पाळक विचारणार, कोणाची हरकत असेल तर हात वर करा. हात वर आला नाही की माणूस पुन्हा मंडळीत. असे कितीतरी जण परत आले होते. करुणाने ते दोन शब्द कधी उच्चारले नाहीत. आणि तिचं नाव भर मंडळीत वाचून दाखवलं होतं ते तिच्या वडिलांनीच.

घरात मात्र काही तुटलं नव्हतं. पप्पा पाथर्डी फाट्याला तिच्याकडे जेवायला जायचे, किशोरला जावईबापू म्हणायचे, नात सायली लहान असताना तिला लुनावर पुढे उभी करून सगळ्या जेलरोडला दाखवून आणायचे. त्या एका गोष्टीबद्दल बापलेकीने शब्द काढला नाही. पाटोळ्यांच्या घरात अवघड गोष्ट बोलून दाखवण्यापेक्षा तिला वळसा घालून पुढे जायची रीत होती.

आता उद्या घरची माणसं पहिल्या बाकावर बसणार, भाकरीचं तबक पहिल्या बाकापासून फिरणार, आणि सगळ्या पाहुण्यांदेखत ते करुणाला ओलांडून पुढे जाणार. पप्पांचा मान करायच्या दिवशीच.

शनिवारी दुपारी ती पाळकनिवासात आली ती मागच्या बोळातून, स्वयंपाकघराच्या दाराने. पहिल्या शनिवारी ती नेहमी अशीच यायची. त्याचं कारण फक्त तिला आणि आईला माहीत होतं.

प्रभुभोजनाची भाकर पाळकाच्या घरी, पाळकीणबाईंच्या हातची, ही या मंडळीची जुनी रीत. पीठ गव्हाचं, पण शास्त्रात भाकर म्हटलंय म्हणून तिला भाकरच म्हणायचं. खमीर नाही, तेल नाही. जाडसर लाटायची, सुरीने आडव्या-उभ्या रेघा पाडायच्या म्हणजे मोडायला सोपी जाते, आणि मंद आचेवर भाजायची. आईने ती जन्मभर केली. पण कोविडनंतर तिची बोटं सुजून वाकडी झाली, पिठाचा गोळा हातात धरवेना. पप्पा पहिल्या शनिवारी दुपारी घरभेटींना निघाले की संध्याकाळपर्यंत परत येत नसत; विश्वास कामावर आणि ग्रेस महिलासभेला असायची. तेवढ्या वेळात करुणा येऊन भाकऱ्या करून, फडक्यात बांधून, ओटा पुसून निघून जायची. पहिल्याच खेपेला तिने हाताच्या सवयीने चिमूटभर मीठ घातलं. आई कधीच घालत नसे. दोघी घाबरल्या, पण भाकऱ्या भाजून झाल्या होत्या. रविवारी पप्पा घरी आल्यावर एवढंच म्हणाले, भाकर या वेळी बरी झाली होती. तेव्हापासून मीठ पडायला लागलं. करुणा ते अंदाजाने घालायची. तव्यावर मोडलेला तुकडासुद्धा तिने कधी तोंडात टाकला नाही. आपल्याला ते खायचा हक्क नाही, हे तिने मंडळीपेक्षाही कडक पाळलं होतं.

आज मात्र घर भरलेलं होतं. पुढच्या खोलीत विश्वास, ग्रेस आणि शमुवेलमामा कार्यक्रम ठरवत बसले होते. दिवाणावर चांदवडहून आलेली अक्काआत्या, पप्पांची थोरली बहीण, डोळे मिटून पडली होती आणि एकेक शब्द ऐकत होती. आईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, पण त्या दाराला कडीच नव्हती.

मामांचा आवाज दाराला दाद देणारा नव्हता. शमुवेलमामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, मंडळीच्या पंचांमधले सगळ्यात ज्येष्ठ. नोटांच्या प्रेसमध्ये छापलेल्या नोटा तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तसूभर फरक दिसला की बाजूला काढायचं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. करुणाने प्रभुभोजन आटोपल्यावर यावं. उशीर झाला म्हणून कोण विचारतंय? नाहीतर मागच्या बाकावर बसावं. विश्वास म्हणाला की मुलगी आहे ती पाळकसाहेबांची, मागे कशी बसेल? मग तिने उभं राहून चुकलं म्हणावं, मामा म्हणाले, मी स्वतः सगळ्यात आधी टाळी वाजवीन. ग्रेस पाहुण्यांची यादी लिहीत राहिली. या घरात काही विचारलं गेलं तरच बोलायचं, असं तिने सून म्हणून आल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात किशोरचा फोन आला. तो नामपूरच्या कांदा मार्केटात होता, मागे लिलावाचा गलका चालला होता. तिने थोडक्यात सांगितलं. तो गलक्यातून बाजूला गेला. मग म्हणाला, "बोली टाक ना, चुकनं म्हनीसन. माले त्याना राग नही."

तिच्याशी तो शहरातलं बोलायचा. मनापासूनचं काही असलं की अहिराणीत घसरायचा.

"मला येईल ना राग," ती म्हणाली. "चांगला संसार केलाय मी तुमच्याबरोबर. तो चुकला म्हणून कसं सांगू? आणि तेही देवाच्या घरात उभं राहून?"

फोन ठेवून तिने पोळपाट ओढला. पण मन लागेना. चुकलं म्हणायचं नव्हतं, मागच्या बाकावर बसायचं नव्हतं, आणि बापाच्या सभेला उशिरा जायचं तर त्याहून नव्हतं. चौथं काही दिसत नव्हतं. तिला रडू आलं ते तिने पिठाच्या हातानेच पुसलं.

दुसरी भाकर तव्यावर होती तेव्हा मामा पाणी प्यायला आत आले.

त्यांनी आधी तव्याकडे पाहिलं, मग सुरीने रेघा पाडलेल्या पोळपाटावरच्या भाकरीकडे, मग करुणाच्या हातांकडे. प्रभुभोजनाची भाकर ओळखायला त्यांना दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"हे काय चाललंय?"

"दिसतंय की," आई म्हणाली. "भाकऱ्या चालल्यात."

"हिच्या हातच्या?"

आईने आपले दोन्ही हात पदराबाहेर काढून भावापुढे धरले. बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी झाली होती. "माझी बोटं वळत होती तोवर मी केल्या. त्यानंतर हिनेच केल्यात. आजची काही पहिली वेळ नाही."

मामा स्टुलावर बसले. पाणी प्यायचं राहून गेलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, माणूस मागचे सगळे पहिले रविवार आठवत होता. विश्वास आणि ग्रेस दारात येऊन उभे राहिले.

"म्हणजे कोविडपासून सगळी मंडळी..." मामांनी वाक्य अर्धवट सोडलं. मग आवाज चढला. "आणि पाळकसाहेबांना? त्यांना तुम्ही दोघींनी अंधारात ठेवलंत? त्यांच्याच घरात, त्यांनीच लावलेली शिस्त मोडून, त्यांच्याच हाताने ती भाकर मोडायला लावलीत? फसवलंस तू बापाला, करुणा."

मागचा बाक, पुढचा बाक, सगळं त्या क्षणी करुणाच्या डोक्यातून गेलं. आपण पप्पांना फसवतोय, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. आईला मदत, एवढंच तिने धरलं होतं. पण मामांचं बोलणं खोटं नव्हतं. तिने लाटणं खाली ठेवलं.

बोलली ती ग्रेस, पण मामांशी नाही. "आई, मी या घरात राहते," ती सासूला म्हणाली. "वर्षानुवर्षं तुमच्या हाताखाली स्वयंपाक करतेय. बोटं वळेनात तर मला एका शब्दाने सांगायचंत. ताईंना फाट्यावरून बोलावलंत. मी काय परकी होते?"

इतकं बोलणं ग्रेसकडून या घराने ऐकलं नव्हतं. आईने खोटं सांगितलं नाही. "तुला सांगितलं असतं तर भाकर झाली असती, ग्रेस," ती म्हणाली, "पण ही आली नसती. मला हिचा हात त्या टेबलापर्यंत पोचवायचा होता. तेवढाच पोचत होता."

मामा उठले. या भाकऱ्या उद्या चालणार नाहीत, बेकरीतून पाव आणा, कडा कापून तबकात ठेवू, असं त्यांनी विश्वासला फर्मावलं. विश्वास हलला नाही. आणि मग मागून अक्काआत्या काठी टेकत आली.

"पाव आनतो म्हनं," ती म्हणाली. "सरका. मला बसू द्या."

मामांना आपलं स्टूल द्यावं लागलं. करुणाने लाटणं पुन्हा उचललं. तिच्या लग्नाच्या वेळी सगळ्यात जास्त बोलली होती ती ही अक्काआत्याच. पोरीने घराण्याला बट्टा लावला, हे चांदवडला साऱ्या भावकीत तिनेच पोचवलं होतं.

"तुमचे पाळकसाहेब घरभेटीला कुठं जायचे म्हाईत हाय का?" आत्याने मामांना विचारलं. "रफिकच्या सायकल दुकानात. समोर, रस्त्यापलीकडं. मी दोन साल मागं आले होते, भर उन्हाचं. बस स्टँडवरून रिक्षा केली, तर हा तिथं बाकड्यावर बसलेला. मला हाक मारली. म्हनला, अक्का, घरी नको जाऊ आत्ता, पोरगी भाकर करतीय."

तव्यावरची भाकर करपायला लागली होती.

"मी म्हनलं, मंग तू हितं कशाला बसलास? तर म्हनला, मी घरात असलो तर मला दिसंल. दिसलं तर मला थांबवावं लागंल. त्या बोळाचं तोंड दिसतं ना दुकानातून, तिकडं बघत बसायचा. पोरी, तू बाहेर पडलीस का मंग हा उठायचा. गुडघे लय दुखायचे त्याचे, पर बसायचा."

"मग परत का नाही घेतलं तिला?" मामांचा आवाज आता खाली आला होता. "त्यांनी नुसतं म्हटलं असतं तरी मंडळी तयार होती."

"त्ये बी इचारलं मी. म्हनला, दुसऱ्याची पोर असती तर कवाच इचारलं असतं, कोनाची हरकत हाय का म्हनून. माझ्याच पोरीसाठी मी कसं इचारू? पाळकाच्या तोंडाकडं बघून कोन हात वर करंल?" आत्याने काठी जमिनीवर टेकवली. "मी लय बोलले हिला, खरं हाय. त्या दिवसापास्नं नाय बोलले. आता पाव आनायचा का नाय त्ये तुमी बघा. आनला, तर माझा भाऊ मरंस्तोवर खोटी भाकर खात होता, असं व्हईल."

नियम एका बाजूला होता आणि पाळकसाहेब दुसऱ्या बाजूला. मामांना आयुष्यात पहिल्यांदाच दोघे वेगळे उभे दिसत होते. शेवटी ते म्हणाले, "मला यातलं काही विचारू नका," आणि पाणी न पिताच पुढच्या दाराने निघून गेले.

ग्रेसने पुढे होऊन करपलेली भाकर उलथन्याने काढली आणि गॅस बारीक केला. "ताई, पीठ थोडं कमी पडेल," ती म्हणाली, "मी मळते. तुम्ही लाटा."

विश्वास चप्पल घालून, पप्पा थकल्यावर संघाने त्यांच्या मदतीला पाठवलेल्या नव्या पाळकांकडे गेला. करुणा लाटत राहिली. तिला रडायचं होतं, पण भाकऱ्या अजून बऱ्याच व्हायच्या होत्या. पप्पा कोविडमध्ये परक्यांची माती करायला पुढे गेले, कलेक्टर कचेरीत वसतिगृहासाठी दिवसदिवस बसले, ते सगळं तिला माहीत होतं. रस्त्यापलीकडच्या त्या बाकड्याचं तेवढं माहीत नव्हतं.

रविवारी चर्च भरून बाहेर मांडवातही माणसं बसली. करुणा वेळेवर आली आणि पहिल्या बाकावर आईशेजारी बसली. ग्रेसने सरकून जागा केली. किशोर आणि सायली मागे भिंतीशी उभे होते. बोलणारे बोलले. अध्यक्षांनी पप्पांच्या चाळीस वर्षांहून जास्त सेवेचा आढावा घेतला, त्यात दोन सालं चुकवली. नगरसेवकांनी, पाण्याची लाइन पाळकसाहेबांनी आमच्या मागे लागून कशी आणली ते सांगितलं. ती लाइन आधीच्या नगरसेवकाच्या काळात आली होती, पण कोणी दुरुस्ती केली नाही. वसतिगृहातला एक सुरगाण्याचा तलाठी बोलता बोलता थांबला आणि बोलायचा राहिला, ते सगळ्यात चांगलं झालं. रफिकभाई मांडवात होते. त्यांना कोणी बोलायला सांगितलं नाही. करुणाला वाटलं, आज खरं तर त्यांनीच बोलायला हवं होतं.

मग नवे पाळक टेबलापाशी आले. जालन्याकडचा तरुण माणूस, येऊन वर्षही झालं नव्हतं, पाटोळ्यांशी नातं ना गोतं. पांढरं फडकं काढण्याआधी ते म्हणाले की आपल्या एका बहिणीचा विषय मंडळीपुढे यायचा राहून गेलाय, आणि तो विचारायला या घराबाहेरचं कोणी तरी हवं होतं. "करुणाताई, तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

ती उभी राहिली. सगळे जण त्या दोन शब्दांची वाट बघत होते. आईसुद्धा.

"टेबलावरची भाकर मी केलीय," ती म्हणाली. आवाज मागेपर्यंत पोचला. "कोविडपासून मीच करतेय. पप्पांना माहीत होतं, ते मला काल कळलं. तुम्हाला माहीत नव्हतं, तेवढ्याबद्दल माफी मागते. लग्न चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण ते चुकलेलं नाही. मला पप्पांच्या मंडळीत परत यायचंय. ज्यांना चालणार नाही त्यांनी तसं सांगावं. मी मागे जाऊन बसेन आणि मला राग येणार नाही."

ती बसली नाही. कुजबूज झाली ती बरीच झाली. एवढ्यात शमुवेलमामा पंचांच्या बाकावरून उठले. मामा टेबलापाशी गेले. भाकरीचं तबक पंचांनी उचलायचं ते पाळकांची प्रार्थना झाल्यावर; हा नियम मंडळीतल्या प्रत्येक नव्या पंचाला मामांनीच शिकवला होता. त्यांनी फडकं बाजूला सारलं, प्रार्थनेची वाट न बघता ते मोठं पितळी तबक दोन्ही हातांनी उचललं, आणि छातीशी धरून उभे राहिले.

नवे पाळक क्षणभर गोंधळले. मग त्यांनी विचारलं, "कोणाची हरकत असेल तर हात वर करा."

अक्काआत्या काठीवर वळून एकेक बाक न्याहाळत होती. ग्रेसचे हात मांडीवर होते. मामांचे दोन्ही हात तबकाला होते. करुणाने मागे वळून पाहिलं नाही. तिने मामांच्या हातांकडेच पाहिलं. ते हात हलले नाहीत.

प्रार्थना झाली. मामा पहिल्या बाकाशी आले. आईला दिलं, मग करुणासमोर तबक धरलं. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही, तिच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहत राहिले. "घे," एवढंच पुटपुटले, "मागे माणसं थांबलीत."

तिने रेघेवर तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

इतकी वर्षं अंदाजाने घातलेलं मीठ बरोबर होतं.